लाल-निळ्या पेन्सिलीची रेघ

तिच्या जुन्या स्लाइड्स संगणकावर उतरवून देण्याचा लॅबवाल्यानं फोनवर सांगितलेला दर मी आत्याला ऐकवला : एका स्लाइडचे पस्तीस रुपये, साफसफाई वेगळी. तिनं कानामागे हात नेला. म्हणजे तिला ऐकू आलं होतं, पण पटलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. मग मोबाइलवर गुणाकार करून दाखवला. ११२६ गुणिले ३५, बरोबर ३९,४१०.

“त्यापेक्षा प्रोजेक्टरचा बल्ब आण,” ती म्हणाली. “भिंत आहेच.”

बल्ब आजही मिळतो. पण तिच्या प्रोजेक्टरचा ट्रान्स्फॉर्मरच जळालाय, आणि हे मी तिला निदान चारदा सांगितलंय. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. सोलापूरच्या कॉलेजात तिनं तीस वर्षं भूगोल शिकवला. लग्न केलं नाही, सोनं केलं नाही. पगारातून उरलं ते फिल्ममध्ये घातलं. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे पुण्याला आली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक, दोन पातळांच्या पिशव्या आणि स्लाइड्सच्या पत्र्याच्या पेट्या आल्या. पातळं कपाटात गेली. पेट्या कुठं ठेवायच्या यावर घरात आठवडाभर चर्चा झाली.

ज्यांनी स्लाइड हातात धरलेलीच नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटरची पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची चौकट, तिच्यात २४ बाय ३६ मिलिमीटरचा फिल्मचा तुकडा. आमच्या पाठ्यपुस्तकी मराठीत हिला पारदर्शिका म्हणत, आणि गावोगावच्या व्याख्यानमालांच्या पत्रिकेत ‘पारदर्शिकांसह’ असं छापलं की त्या दिवशी गर्दी ठरलेली. ही निगेटिव्ह नव्हे. निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. इथं जी फिल्म कॅमेऱ्यात होती तीच धुऊन, कापून चौकटीत बसवलेली असते. तिची दुसरी प्रत नसते. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ बऱ्याच उशिरा कळला.

चाळीस हजार घालायचे नव्हते. फ्लॅटबेड स्कॅनरचाही विचार केला. त्याच्या खोक्यावर ६४०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६४०० ठिपके, असा आकडा असतो, पण प्रत्यक्षात तपशील येतो तो त्याच्या पाव भागाच्या आसपास, आणि एका स्लाइडला मिनिटं जातात. मग लेकाचा १८ मेगापिक्सेलचा कॅनन आठवला. तो बंगळुरूला गेल्यापासून कपाटात होता, कारण फोटो आता फोननंच काढतात. स्लाइडच्या मागे उजेड, पुढे कॅमेरा, आणि स्लाइडचाच फोटो काढायचा. कल्पना एवढीच. अडचण अशी, की साध्या लेन्सला इतक्या जवळचं दिसत नाही आणि जवळचं बघणारी मॅक्रो लेन्स घ्यायची तर लॅबवालाच बरा.

इथं आत्याची ट्रंक कामाला आली. तळाशी तिचा प्रॅक्टिका निघाला, पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला बनलेला, आणि त्यावर ५० मिलिमीटरची टेसार लेन्स. कॅमेऱ्याचा पडदा गंजून अडकलेला. लेन्सच्या आत मात्र फक्त बुरशीचा एक कोळी पाय पसरून बसला होता. दुरुस्तीवाल्यानं पाचशे रुपये घेऊन तो काढला. ही लेन्स आट्यांची असते, फिरवून बसवायची. तिला कॅननवर बसवणारं एम४२ नावाचं कडं साडेचारशेला मिळालं. मग लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ नळ्या घातल्या, साडेसहाशेचा तीन नळ्यांचा संच, की झाली मॅक्रो. हिशेब अगदी शाळेतला आहे. ३६ मिलिमीटरचं चित्र कॅननच्या २२.३ मिलिमीटरच्या सेन्सरवर मावायला हवं, म्हणजे सुमारे ०.६२ पट. लेन्स ५० ची, तर तिला ५० गुणिले ०.६२, म्हणजे ३१ मिलिमीटर पुढं सरकवायचं. २८ ची एक नळी घातली, उरलेले तीन मिलिमीटर लेन्सच्या स्वतःच्या फिरकीतून निघाले. ज्या काचेतून या स्लाइड्स आत गेल्या होत्या त्याच काचेतून आता बाहेर येणार होत्या. मी हे मोठ्या कौतुकानं आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “मग? चांगली लेन्स आहे ती.”

कॅमेरा खाली तोंड करून, न हलता उभा राहायला हवा. त्यासाठी मी एका बुधवारी जुन्या बाजारात गेले. एका ताडपत्रीवर शिलाई मशीनचे पाय, नळाच्या तोट्या आणि पंख्याची पाती यांच्यामध्ये एक एन्लार्जर पडलेला होता. डार्करूममध्ये फोटो मोठे करायचं यंत्र. लाकडी पाट, उभा लोखंडी दांडा, वरखाली करायची चकती.

“मायक्रोस्कोप आहे, ताई,” विकणारा म्हणाला. “डॉक्टर लोक वापरायचे. बाराशे.”

मी मायक्रोस्कोप म्हणूनच सातशेला घेतला. घरी येऊन वरचं डोकं काढलं आणि तिथं कॅमेरा लावायला पाव इंची बोल्ट आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. कॅमेऱ्याच्या बुडाला जे भोक असतं त्यात हा आपला साधा पाव इंची बोल्ट बसतो, हे फारशा लोकांना माहीत नाही. दुकानदारालाही नव्हतं. मी काउंटरवर कॅमेरा उलटा ठेवून बोल्ट फिरवून पाहिला तेव्हा दुकानातले तिघं जण काम सोडून बघायला आले. वायसरसकट वीस रुपये.

उजेडासाठी ट्रेसिंग पॅड, चित्रकलेची पोरं वापरतात तो, ५९० रुपयांचा. त्याच्यावर स्लाइड थेट ठेवली तर पॅडवरचे ठिपके आणि धूळ चित्रात उतरते, म्हणून नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून दुधी ॲक्रिलिकचा एक तुकडा साठ रुपयांना आणला आणि तो पॅडच्या दोन इंच वर, चपलांच्या खोक्यात खिडकी कापून बसवला. आतून काळा कागद. स्वस्त एलईडीची लाल रंगाकडची बाजू जरा लंगडी असते, ते पुढं लक्षात आलं. फुंकणीसारखा रबरी ब्लोअर १८०. सगळं मिळून ३,१५०. लेकाचा कॅमेरा फुकट धरलाय.

कॅमेरा आणि स्लाइड अगदी समांतर हवेत, नाहीतर चित्राची एक कड धुरकट येते. पाणसळ लावून पाहिली, पण माझ्या घरातलं टेबलच सरळ नाही. त्यावर साधा तोडगा आहे. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की जमलं. मी पावडरच्या डबीतला आरसा वापरला. ॲपर्चर ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल. पहिल्या संध्याकाळी तासाला चाळीस स्लाइड्स झाल्या आणि मला वाटलं, महिन्याभरात उरकतं हे.

*

सुट्टीत आम्ही सोलापूरला जायचो तेव्हा आत्या रात्री अंगणात खेळ लावायची. चुन्याची भिंत हाच पडदा. प्रोजेक्टर सुरू झाला की आधी पंख्याची घरघर, मग तापलेल्या धुळीचा वास, आणि मग भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला की त्यात कोणीतरी हातांचा ससा करायचंच. आत्या स्वतःला खरोलिकावाली म्हणायची. १८९२ साली कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले होते, ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं; काचांवर रंगवलेली चित्रं पडद्यावर, सोबत सूत्रधाराचं बोलणं आणि गाणी. हे तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हाला ते पटवर्धन शेजारचे वाटायचे.

माझं काम स्लाइड हातात देण्याचं. स्लाइड प्रोजेक्टरमध्ये उलटी घालायची असते, डोकं खाली. चुकू नये म्हणून प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात लाल ठिपका. तो उजव्या अंगठ्याखाली आला की स्लाइड बरोबर. हे ठिपके नेलपॉलिशचे होते. आत्यानं आयुष्यात नखांना रंग लावला नाही, पण दुकानात जाऊन लाल नेलपॉलिशची बाटली मात्र ती नेमानं आणायची. दुकानदारीणबाईंना तिच्याबद्दल काय वाटत असेल कोण जाणे.

आता चौपन्नाव्या वर्षी तोच ठिपका माझ्या अंगठ्याखाली आला आणि अंगठा आपोआप त्यावर बसला.

*

पहिली चूक लोणारच्या पेटीत केली. त्या पेटीतल्या पहिल्याच स्लाइडवर आत्याच्या अक्षरात ‘ज्वालामुखी?’ असं लिहून खोडलेलं, खाली ‘अशनी’. लोणारचं विवर ज्वालामुखीचं की आदळलेल्या अशनीचं, हा वाद बरीच वर्षं चालला आणि १९७३ साली आघाताचा पुरावा प्रसिद्ध झाला. बाईंनी लगेच पुठ्ठ्यावर दुरुस्ती केली. स्लाइड तीच. पावणेदोन किलोमीटरहून जास्त व्यासाचं ते विवर कसं झालं याचं उत्तर बदललं, म्हणून फोटो थोडाच बदलतो?

त्या पेटीतल्या आठ-दहा स्लाइड्सवर बुरशी होती. सोलापूर कोरडं, पण मधली काही वर्षं पेट्या कोकणातल्या घरी माळ्यावर होत्या. ती बुरशी म्हणजे पातळ, फांद्या फुटलेली, काचेवर गोठलेल्या दवासारखी जाळी. मी कापसाचा बोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवला, चांगला पिळला आणि अगदी हलक्या हातानं फिरवला. जाळी निघाली. तिच्याबरोबर आकाशही निघालं. बोळ्यावर निळसर, नंतर हिरवट ओरखडा उतरला आणि स्लाइडमध्ये, तळ्याच्या वरच्या काठावर, एक स्वच्छ पारदर्शक डाग राहिला.

फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. बुरशी ते जिलेटिनच खाते, आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणजे माझा ओला बोळा बुरशीला पुसत नव्हता, तिनं अर्धवट ठेवलेलं काम पुरं करत होता. हे नंतर वाचलं. पाणी लावायचंच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, नव्व्याण्णव टक्के शुद्ध, तेही चकचकीत बाजूला आधी. बुरशी आत शिरली असेल तर नाद सोडायचा, आहे तशी उतरवून घ्यायची.

आत्याला दाखवायचं धाडस दोन दिवस झालं नाही. दाखवल्यावर तिनं स्लाइड खिडकीकडे धरली. “आकाशच गेलं ना,” ती म्हणाली. “काठ आहे. काठच दाखवायचा होता मला.”

*

रंगांचं वेगळंच प्रकरण. आत्याच्या बहुतेक स्लाइड्स ऑर्वो फिल्मवरच्या, पूर्व जर्मनीतल्या वोल्फेन गावच्या. रुपयातल्या व्यापारामुळे हा माल आपल्याकडे यायचा, आणि आत्याच्या पगारात तोच बसायचा. तिच्या यूटी १८ या फिल्मचा वेग १८ डिन, आजच्या भाषेत आयएसओ ५०. फारच मंद, भरपूर उजेड मागणारी फिल्म. घराच्या आत फोटो काढायचा विचारही करायचा नाही. पन्नास वर्षांत या स्लाइड्स गुलाबी झाल्यात. शेतं गुलाबी, म्हशी जांभळट. एका सहकाऱ्याच्या भावानं परदेशातून आणून दिलेल्या कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मवरच्या दोन डझन स्लाइड्स मात्र काल धुतल्यासारख्या. कोडाक्रोमच्या फिल्ममध्ये रंग नसतातच, ते धुताना घालतात, म्हणून अंधारात ठेवलं तर टिकतात. प्रोजेक्टरच्या उजेडात मात्र तीच आधी विटते. ती धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातली; तिनंही २०१०च्या अखेरीस कोडाक्रोमचे रोल घेणं थांबवलं. कोडाक्रोमच्या पुठ्ठ्यांवर महिना-वर्षाचा ठसा असतो. मी तो बघून बिनधास्त तारखा टाकत गेले, आणि आत्यानं चष्मा सावरत विचारलं, “जुलैत ज्वारीची कापणी?” ठसा धुतल्याच्या महिन्याचा असतो. रोल कॅमेऱ्यात सहा-सहा महिने पडून असायचा, परवडत नव्हतं म्हणून.

गुलाबीपणा काढायला संगणकावर लाल, हिरवा आणि निळा, तिन्ही रंगांची टोकं वेगवेगळी ओढावी लागतात. त्यासाठीची डार्कटेबल, गिंप ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. फुकट नसतो तो वेळ. चित्रात कुठंतरी नक्की पांढरं काय आहे ते सापडलं की बाकीचे रंग त्यामागून येतात. १९७२च्या दुष्काळी कामावरची एक स्लाइड होती. खडी फोडणारी माणसं, मध्ये एक म्हातारा, अंगात बंडी आणि धोतर. मी धोतर पांढरं धरलं. एकदम झकास चित्र उघडलं, आकाश निळंशार. आत्याला टीव्हीवर दाखवलं.

“हे कुठलं गं?”

“तूच काढलंयस. बहात्तर. खडीचं काम.”

“छे. असं आकाश नव्हतं. धूळ होती नुसती.” मग जरा पुढं वाकून : “धोतर पांढरं कोणी सांगितलं तुला? प्यायला पाणी नव्हतं, मिलो ज्वारी आणि सुकडी खात होती माणसं. धोतरं धुतंय कोण?”

धोतर मातकट केलं. आकाश पिवळट झालं. ती म्हणाली, “हां.”

त्यानंतर मी रंगांसाठी तिला शेजारी बसवायला लागले. भीमेकाठची माती काळी. बैलाच्या झुलीचा लाल जरा विटका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले तिचे डोळे आज खरोखर काय रंग बघतात, हा प्रश्न माझ्या मनात येतो. पण तो विचारून मी कामाचं खोबरं करणार नाही.

*

दुसरी चूक मोठी होती आणि ती मी हुशारीच्या भरात केली. पेट्यांमधल्या स्लाइड्सचा क्रम मला विस्कळीत वाटला. नदी, मग देऊळ, मग बाजार, मग परत नदी, मध्येच कुणाची तरी चूल. मी संगणकावर फोल्डर केले : नद्या, देवळं, धरणं, माणसं, पिकं. जे कशातच बसलं नाही ते ‘इतर’. आणि फोल्डरप्रमाणे मूळ स्लाइड्सही लावून ठेवू या म्हणून तीन पेट्या टेबलावर काढल्या. तेवढ्यात वीज गेली. मी अंधारात मेणबत्तीकडे वळले आणि ट्रेसिंग पॅडच्या वायरीत पाय अडकला.

खाली बसून मेणबत्तीच्या उजेडात गोळा करताना मोजल्या, एकशे एकेचाळीस. पुठ्ठ्याच्या, प्लास्टिकच्या, लोणार, निघोजचे रांजणखळगे, उजनी, सगळा भेळीचा कागद. चारातल्या एकीवर नाव होतं, बाकी कोऱ्या.

पुढं जे दिसलं ते वीज आल्यावर. मी स्लाइड्सची चळत उभी करून टोकं टेबलावर ठोकत होते, पत्त्यांसारखी. चौकटींच्या वरच्या कडेवर बारीक लाल आणि निळे ठिपके होते. याआधीही दिसले होते. पेन्सिल लागली असेल म्हणून सोडून दिले होते. आता एकाखाली एक आलेल्या पाच-सहा लाल ठिपक्यांची तिरकी ओळ झाली होती.

आत्या झोपली होती. मी लाल ठिपक्यांच्या वेगळ्या काढल्या, निळ्या वेगळ्या, आणि काहींवर दोन ठिपके शेजारी होते त्या वेगळ्या. तीन पेट्या. मग लाल ढीग घेऊन, ज्याचा ठिपका अगदी डाव्या टोकाला ती स्लाइड पहिली, त्याच्या केसभर उजवीकडे ती दुसरी, असं लावत गेले. दीड वाजता चळत दोन्ही हातांनी दाबून धरली आणि वरून पाहिलं. डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ तिरपी लाल रेघ. पट्टी लावून, एका दमात ओढलेली. मास्तरांकडे असायची ना, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी पेन्सिल, तिनं.

सकाळी आत्याला विचारलं तर तिला नवल वाटलं ते माझं. “मग दुसरं काय करणार? खेड्यात व्याख्यान, लाइट गेलेली, पोरं पेटीला धडकतात. आकडे वाचायला उजेड लागतो. रेघ बोटालाही कळते.”

*

लाल रेघेची पेटी उजनीची होती. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली काठावरची कितीतरी गावं गेली, त्यातलं एक जुनं पळसदेव. आजही उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं, फार उतरलं तर माणसं चालत देवळापर्यंत जातात, मोबाइलवर व्हिडिओ करतात. आत्या तिथं गाव हलत असताना गेली होती, चार-पाच खेपा.

मी पेटी रेघेच्या क्रमानं पुन्हा उतरवली आणि रविवारी दुपारी टीव्हीवर लावली. बोलायचं आत्यानं ठरवलं नव्हतं. तिसऱ्या चित्राला ती बोलायला लागली. “पुढं” म्हणाली की मी कळ दाबायची. नदी, डोह, देऊळ. आठवड्याचा बाजार. मग घरं. मग त्याच घरांवर चढलेली माणसं, छपरं उतरवताना. वासे, तुळया, दाराच्या चौकटी सुट्या करून बैलगाडीत भरलेल्या. नव्या गावठाणात पांढऱ्या चुन्यानं आखलेले रिकामे प्लॉट. धरणाची भिंत.

आणि मग ती चूल, मी ‘इतर’मध्ये टाकलेली. तीन भिंती, छप्पर नाही. कोपऱ्यात मातीची चूल, तिच्यामागची भिंत धुरानं वरपर्यंत काळी, तो काळा पट्टा वर जात जात आभाळाला टेकलेला. चुलीवर ऊन पडलंय. लख्ख, दुपारचं. चुलीच्या तोंडाशी एक फुंकणी तशीच पडलेली.

“हा फोटो छप्पर गेलं म्हणून निघाला,” आत्या म्हणाली. “एरवी त्या फिल्मवर घराच्या आतलं काही येत नव्हतं. पुढं.”

पुढची स्लाइड उसाची होती. कालव्याचं पाणी, हिरवागार ऊस, पार क्षितिजापर्यंत. माझ्या फोल्डरमध्ये ती ‘पिकं’मध्ये गेली होती आणि फार सुंदर दिसत होती.

आत्या या जागी काही बोलली नाही. पूर्वीही बोलायची नाही, ती म्हणाली. इथं दहा मोजायची आणि मग पुढची लावायची.

मी त्या रात्री सगळे फोल्डर मोडले. जिथं रेघ आहे त्या पेट्या रेघेप्रमाणे, आणि फाइलला नावाऐवजी पेटीचा आकडा आणि चित्राचा आकडा. आत्या बोलते ते फोनवर रेकॉर्ड करून त्याच आकड्यानं ठेवते. कामाचा वेग तासाला चाळीसवरून दुपारी सहावर आलाय. अजून सातशे बाकी आहेत.

*

उजनीच्या पेटीतली एक गोष्ट राहिली. लाल रेघ मी वर ‘सरळ’ म्हटलं, पण ती एका ठिकाणी तुटलेली होती. बाविसाव्या चौकटीवरून पुढच्या चौकटीवर जाताना ठिपका नेहमीपेक्षा दुप्पट सरकला होता. म्हणजे एका पुठ्ठ्याएवढी जागा रिकामी. मी टेबलाखाली, कपाटामागे, पलंगाखाली टॉर्च मारून शोधलं. कचऱ्याची पिशवीही उपसली. मग आत्याला सांगितलं, की एक स्लाइड माझ्या हातून हरवली बहुधा.

“बाविसाच्या पुढची?” तिनं विचारलं. “ती नाहीये.”

पाणी आल्यावर वर्षा-दोन वर्षांनी तिनं नव्या गावठाणातल्या शाळेत याच स्लाइड्स दाखवल्या होत्या. रात्री, शाळेच्या भिंतीवर. व्याख्यान झालंच नाही, ती म्हणाली. मी बोलायच्या आत माणसंच बोलायला लागली. प्रत्येक घराला आरोळी, हे आमचं, हे थोरल्याचं, ते बघ जोत्यावर कोण बसलंय. एका घराच्या चित्राशी थांबायला लावलं, बल्ब तापून वास यायला लागला तरी पुढं जाऊ देईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एस.टी.ला उभी होती तर एक म्हातारी आली आणि म्हणाली, माझ्या घराची ती काच द्या.

“आणि तू दिलीस?”

“दिली.”

“अगं पण दुसरी प्रत नव्हती. आणि ती काय करणार स्लाइडचं? प्रोजेक्टर कुठला तिच्याकडे?”

आत्यानं अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये काहीतरी धरल्यासारखं केलं आणि हात खिडकीच्या उजेडाकडे नेला. एक डोळा मिटला.

“असं,” ती म्हणाली.

मी फाइलींचे आकडे तसेच ठेवले. बावीसनंतर चोवीस. सगळी पेटी ड्राइव्हवर चढवून लेकाला दुवा पाठवला. रात्री अकरा वाजता बंगळुरूहून त्याचा मेसेज आला : ‘मस्त आहे हे आई. तेवीस नंबर अपलोड झालेला नाही, परत टाक.’